रंगनाथ ड्रायव्हरचा जुना काँप्युटर

मंडळी, ऐका. पेटी जरा विसावू द्या, तबल्यालाही घोटभर पाणी पिऊ द्या. पूर्वरंगात आपण फार मोठ्या गोष्टी केल्या. जीव काय, शिव काय, माया काय. ऐकताना पुढच्या रांगेतले दोघे समाधीत गेले होते, मी बघितलं. एकाची समाधी घोरत होती. म्हणून आता जमिनीवर येऊ.

एक प्रश्न विचारतो. जुनी झालेली गोष्ट कुठवर कामाची?

मागून कोणीतरी काका म्हणाले, "चालते तोवर." काका, उत्तर चांगलं आहे, पण पुरत नाही. घरोघरी अशी माणसं आहेत जी अजून चालतात, फिरतात, आणि तरी त्यांना कोणी कामाचं म्हणत नाही. आणि काही अशीही आहेत की बारा वर्षं जागची हललेली नाहीत, पण अध्यक्ष आहेत.

हसू नका. मी कोणाकडे बघितलेलं नाही.

तर या प्रश्नाचं उत्तर आज आख्यानातून काढू. आणि आख्यान पुराणातलं नाही बरं का. यात राक्षस नाही, शाप नाही, रथ नाही. एक ड्रायव्हर आहे, एक कंडक्टर आहे, आणि एक खेळायचा काँप्युटर आहे. आता आजीबाई म्हणतील, बुवा, कीर्तनात काँप्युटर कुठून आणला? आजी, तुमच्या नातवाला मोबाइल खाली ठेवून ऐकायला लावायचं तर त्याच्या देवाचं नाव घ्यावंच लागतं.

गोष्ट भोरची. रंगनाथ काळोखे नावाचे एक एसटीचे ड्रायव्हर. भोर ते महाड, वरंधा घाटातून. ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, त्या घाटात नास्तिक माणूससुद्धा वळणागणिक नाव घेतो. त्या घाटात चोवीस वर्षं गाडी चालवली आणि गाडीला साधा ओरखडा नाही. त्यांच्याबरोबर चोवीस वर्षं एकच कंडक्टर, मधुकर खैरमोडे. पुढं रंगनाथ, मागं मधुकर. मधुकरनं दोनदा घंटी वाजवली की गाडी निघणार, एकदा वाजवली की थांबणार. चोवीस वर्षांत दोघांचं समोरासमोर बोलणं फार झालं नसेल, कारण एकाचं तोंड कायम पुढं आणि दुसरा कायम त्याच्या पाठीमागं. पण मंडळी, घंटीवरून कळायचं. मधुकर चिडला असला की घंटी वेगळी, भूक लागली असली की वेगळी.

दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले. आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांत रंगनाथच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "काळोखे, आता गाडी बंद. क्लच दाबायचा नाही." रंगनाथनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही हो. बंद म्हणजे बंद."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट नीट केली, त्याला सांगितलं की तेवढी सोडून बाकी सगळं कर. रंगनाथ घरात बसले. बायको यमुनाबाई भाजी चिरायला बसल्या की हे शेजारी बसून पायानं फरशी दाबायचे. क्लच. ब्रेक. क्लच. यमुनाबाई म्हणायच्या, "अहो, महाड आलं का? आलं असेल तर कोथिंबीर निवडा."

त्यांची मुलगी प्रणोती. पोरगी इंजिनिअर. शिकत असताना तिनं स्वतः एकेक भाग जमवून खेळायचा काँप्युटर बांधला होता. नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तो घरीच राहिला. सुट्टीला आली, बापाचा पाय फरशीवर चाललेला बघितला, आणि तिनं एक खेळ त्या काँप्युटरवर घातला, टेबलाला एक स्टिअरिंग लावलं, पायाखाली पेडल ठेवले. म्हणाली, "बाबा, बसा."

खेळ कसला, तर बस चालवायचा. समोर रस्ता, आरसे, थांबे, थांब्यावर माणसं. क्लच इतका हलका की ऑपरेशन केलेला गुडघाही हसावा. रंगनाथनं गाडी काढली, आणि यमुनाबाई सांगतात, त्या दिवशी सहा महिन्यांनी पहिल्यांदा हा माणूस जेवायला हाक मारल्यावर "आलो, एवढी फेरी संपवून" असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मधुकर चहाला आला. बघत उभा राहिला. जरा वेळानं म्हणाला, "रंगनाथ, थांब्यावर माणसं चढली की नाही हे तुला कसं कळतं?"

"दिसतं की आरशात."

"आरशात दिसत असतं तर सरकारनं मला चोवीस वर्षं पगार कशाला दिला?"

आणि मधुकर घरी गेला, देव्हाऱ्यातली घंटी घेऊन आला, पडद्याच्या दांडीला बांधली, तिला सुतळी लावली आणि रंगनाथच्या खुर्चीमागं स्टूल टाकून बसला. पॅसेंजर चढले की डबल बेल. रंगनाथ गिअर टाकणार. रोज दुपारी जेवण झाल्यावर दोन तास. पाच वर्षं हे चाललं. मधुकरच्या घरी देव पाच वर्षं घंटीवाचून राहिले, पण त्यांनी तक्रार केली नाही. देवांनाही कळतं, कुठली घंटी कुठं लागते.

आता इथं गोष्टीला वळण आहे. वळणाच्या आधी गिअर कमी करावा, म्हणून मी जरा सावकाश सांगतो.

झालं असं की काही हौशी पोरांनी आपल्याकडचे घाटरस्ते त्या खेळासाठी बनवले, आणि त्यात वरंधा घाट आला. तोच कठडा, तीच वळणं, तेच खालचं खोरं. प्रणोतीनं फोनवरून तो रस्ता चढवून दिला. दोघे म्हातारे सकाळी आंघोळ करून, नारळ फोडून बसले. रंगनाथनं काँप्युटरला गंधाचं बोट लावलं. मधुकरनं डबल बेल दिली. गाडी निघाली. घाट सुरू झाला आणि चित्र अडकायला लागलं.

म्हणजे कसं, गाडी चालतेय, चालतेय, मध्येच सगळं थिजलं. एक क्षण, दोन क्षण. मग एकदम पुढं उडी. सरळ रस्त्यावर हे चालून जातं. पण अवघड वळणावर चित्र थिजलं आणि सुटलं तेव्हा गाडी कुठं? खोऱ्यात. चोवीस वर्षांत ओरखडा नाही असा माणूस एका सकाळी चार वेळा दरीत गेला.

रंगनाथ खुर्चीवरून उठले. मधुकर म्हणाला, "अरे, खेळ आहे." पण घाट तो घाट, मंडळी. ज्याचं नाव त्या घाटावर होतं त्याचं नाव पुसलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या काँप्युटरच्या दुकानदाराला घरी बोलावलं. चंद्रहास नाव त्याचं. त्यानं डब्याचं झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि वैद्यानं नाडी सोडावी तसं झाकण परत लावलं. म्हणाला, "काका, हा आठ वर्षांचा प्लॅटफॉर्म आहे. मेला हा."

मधुकर म्हणाला, "प्लॅटफॉर्म म्हणजे? आमच्याकडं प्लॅटफॉर्म मरत नाही. गाडी चुकते."

चंद्रहासनं समजावलं. तेच मी तुम्हाला सांगतो, सोपं आहे. काँप्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. सगळा विचार तो करतो. आणि तो ज्या मोठ्या पाटीवर बसतो तिला म्हणतात मदरबोर्ड. बघा, नावातच आई आहे. सगळे तिच्या अंगाखांद्यावर बसलेले आणि बिघडलं की तिलाच बोल. त्या आईच्या अंगावर एक चौकोनी खाच असते, तिच्यात डोकं बसतं. ही पाटी, ही खाच, आणि तिच्यात बसणारी डोकी, या सगळ्या घराण्याला म्हणायचं प्लॅटफॉर्म. चंद्रहास म्हणाला, "आता नवे प्रोसेसर येतात त्यांची खाचच वेगळी. ते यात बसत नाहीत. पाटी बदला, मेमरी बदला, डोकं बदला. म्हणजे नवाच घ्या."

मंडळी, तो खोटं बोलला का? नाही. नवी डोकी त्या खाचेत खरंच बसत नाहीत. तो अर्धं बोलला. आणि बाजारात सगळ्यात जास्त काय विकलं जात असेल तर ते अर्धं बोलणं.

रंगनाथ म्हणाले, "मी पोरीच्या हातचा काँप्युटर टाकणार नाही." मग मधुकर हळूच म्हणाला, "मग मी घेतो की नवा. माझ्याकडं ठेवू. आणि रंगनाथ, तुझ्या गुडघ्यालाही विसावा, मलाही जरा चालवू दे. फार वर्षं मनात आहे माझ्या."

आणि रंगनाथ काय म्हणाले? चंद्रहाससमोर, यमुनाबाईंसमोर, दोन शेजारी दारात उभे होते त्यांच्यासमोर म्हणाले, "कंडक्टरच्या हातात स्टिअरिंग दिलं तर पॅसेंजरांनी देवाचं नाव घ्यायचं की तिकीट?"

सगळे हसले. मधुकरही हसला. मग त्यानं पडद्याच्या दांडीची घंटी सोडली, सुतळी नीट गुंडाळली, खिशात घातली आणि म्हणाला, "येतो काळोखेसाहेब."

चोवीस आणि पाच, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा "साहेब". ज्या दिवशी मित्र तुम्हाला साहेब म्हणतो त्या दिवशी समजावं, गाडी दरीच्या कडेला आहे.

आठ दिवसांत मधुकरच्या घरी नवा काँप्युटर आला. काय सांगू त्याचा थाट. काचेची पेटी, आत लाल, हिरवे, निळे दिवे फिरताहेत. शेजारची बाई म्हणाली, "मधुकरराव, वरात कोणाची?" त्या काँप्युटरवर घाट असा चालायचा की दरीतलं झाड पानापानासह दिसायचं. मधुकर स्टिअरिंगवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर. छाती भरून आली त्याची. स्वतःच डबल बेल दिली, स्वतःच गाडी काढली, आणि पहिल्याच वळणाला पानापानासह दिसणाऱ्या त्या झाडावर जाऊन बसला.

मग रोज तेच. चित्र कुठं अडकत नाही, थिजत नाही, लोण्यासारखी गाडी जाते. कुठं जाते? दरीत. चंद्रहासनं काँप्युटर विकला होता, ड्रायव्हर नव्हता विकला.

इकडं रंगनाथ. जुन्या काँप्युटरवर, घाट सोडून, साध्या सपाट रस्त्यावर गाडी चालवायचे. थांबा आला की थांबायचे. पॅसेंजर चढायचे. आणि रंगनाथ बसून राहायचे. पाय क्लचवर, हात गिअरवर. यमुनाबाई एकदा चहा घेऊन आल्या तर हे थांब्यावर उभे. कप ठेवून गेल्या, अर्ध्या तासानं परत आल्या तर हे त्याच थांब्यावर. चहावर साय धरलेली. म्हणाल्या, "अहो, गाडी बंद पडली का?"

रंगनाथ म्हणाले, "नाही. घंटी झाली नाही अजून."

यमुनाबाई शहाणी बाई. त्यांनी नवऱ्याला काही उपदेश केला नाही. उपदेश करायला आमच्यासारखे आहेत. त्यांनी मुलीला फोन लावला आणि फोन रंगनाथच्या कानाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

प्रणोतीनं सगळं ऐकून घेतलं. चित्र अडकतं ते ऐकलं, दुकानदार काय म्हणाला ते ऐकलं. मधुकरकाकाचं रंगनाथनं सांगितलं नाही, पण बायकांच्या फोनवर ते आधीच पोचलं होतं. ती म्हणाली, "बाबा, काँप्युटर मेलेला नाही. त्याच्यात मी त्या घराण्यातलं पहिल्या पिढीचं डोकं बसवलंय, कारण तेव्हा मला तेवढंच परवडत होतं. पण कंपनीनं नंतर बरीच वर्षं त्याच खाचेत बसणारी चांगली डोकी काढली. माझ्या ऑफिसातल्या एकीनं तिच्यातलं शेवटच्या पिढीचं काढून ठेवलंय. ते तुमच्या पाटीवर बसेल. पाठवते."

"मग चंद्रहास म्हणाला ते?"

"तो आजच्या नव्यांबद्दल बोलला. ती खाच आता पुढं वाढणार नाही, हे खरं आहे बाबा. अजून पाच-सात वर्षांनी हिच्याकडून होणार नाही अशी कामं येतील. पण तुमचं काम काय आहे? घाट चढायचाय ना? घाट चढेल ती."

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. तुमचं काम काय आहे? विकणारा हे विचारत नाही. तो विचारतो, तुमची हौस काय आहे.

पण एक पथ्य होतं. नवं डोकं बसवण्याआधी त्या पाटीला शिकवावं लागतं, की बाई, उद्या एक पाहुणा येणार आहे, त्याला ओळख. नाहीतर पाटी त्याला दारातच उभं करते. ते शिकवणं चालू असताना वीज गेली तर पाटी कायमची बहिरी होते. आणि भोरात वीज कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही कळवलेलं नसतं. प्रणोती फोनवर सांगेल तशी रंगनाथ काँप्युटरची बटणं दाबत होते आणि यमुनाबाई मीटरखाली लाटणं घेऊन बसल्या. शेजारणीनं वरून विचारलं, "वहिनी, मिक्सर लावू का?" यमुनाबाई म्हणाल्या, "आज चटणी पाट्यावर वाटा." सात मिनिटं गेली. पाटी शिकली.

मग कुरिअर आला. रंगनाथनं ठरवलं, प्रोसेसर मीच बसवणार. इंजिन उघडलेला माणूस आहे मी. झाकण काढलं. डोक्यावर पंखा बसवलेला असतो, गरम होऊ नये म्हणून. तो काढायला गेले तर निघेना. पंखा आणि डोकं यांच्यामध्ये लावलेली आठ वर्षांची खळ वाळून चिकटलेली. ओढला. तर पंख्याला चिकटून जुनं डोकंच खाचेतून उपटून बाहेर आलं आणि फरशीवर पडलं. त्याच्या खालच्या दोन पिना तुटल्या. म्हणजे जुनं गेलं.

असो, म्हणाले. नवं आहे की. नव्याच्या खाली पिना किती? तेराशेच्या वर. केसासारख्या. एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो खाचेवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. रंगनाथनं चष्मा लावला नव्हता. डोकं ठेवलं, बसेना. आता गिअर पडत नाही तेव्हा ड्रायव्हर काय करतो? जरा जोर लावतो. त्यांनी जोर लावला.

अकरा पिना वाकल्या.

मंडळी, माझं ऐका. जिथं जोर लावावा लागतो तिथं बहुतेक वेळा दिशा चुकलेली असते. पिनांनाही हे लागू आणि सुनेलाही.

रंगनाथ ते डोकं तळहातावर घेऊन बसले. पोरीनं बांधलेला काँप्युटर आपल्या हातानं संपला. यमुनाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "याला हात न थरथरणारा माणूस पाहिजे."

"माझा थरथरतो. तुझाही थरथरतो."

"मी माझं कुठं म्हणतेय?"

रंगनाथला कळलं. चोवीस वर्षं त्या घाटात, हलत्या गाडीत, कुठंही न धरता उभं राहून, एका हातात पॅड आणि एका हातात पेन धरून फेरीची नोंद मोत्यासारख्या अक्षरात कोण लिहीत होतं? वरिष्ठ म्हणायचे, खैरमोडे टेबलावर बसून लिहितात की काय. तो माणूस दोन गल्ल्या पलीकडं होता आणि त्याच्या दाराकडं जायचा रस्ता वरंध्यापेक्षा अवघड झाला होता.

यमुनाबाईंनी कुंकवाच्या करंड्यात कापूस घातला, त्यावर ते डोकं ठेवलं, झाकण लावलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. रंगनाथ चालत निघाले. लंगडत. मधुकरच्या दाराशी पोचले तर आतून आवाज, कठडा तुटल्याचा, पत्रा घासल्याचा. मग मधुकरचा हताश स्वर, "अरे देवा, परत."

रंगनाथनं दार वाजवलं. मधुकरनं उघडलं. रंगनाथनं करंडा पुढं केला.

मधुकर म्हणाला, "हळदीकुंकू आहे का काळोखेसाहेब?"

"पिना वाकल्यात, मधू."

मधुकरनं झाकण उघडलं. खिडकीशी नेऊन तिरपं धरून बघितलं. कपाटातून एक पेन-पेन्सिल काढली, तिचं शिसं काढून टाकलं, आणि पुढची पोकळ नळी एकेका वाकलेल्या पिनेवर बसवून अलगद सरळ करायला लागला. श्वाससुद्धा हळू. रंगनाथ शेजारी बसून बघत होते. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ते मधुकरच्या हाताकडं बघत होते. इतकी वर्षं तो हात त्यांच्या पाठीमागं होता.

सातवी पिन सरळ करताना मधुकर मान खाली ठेवूनच म्हणाला, "चोवीस वर्षं मी तुझं डोकं मागून बघितलं. एकदा म्हटलं, चालवू दे. एकदाच."

रंगनाथ म्हणाले, "मी ते बोलायला नको होतं."

"लोक हसले."

"हो. म्हणूनच बोललो मी. हसावेत म्हणून. वाईट बोललो, मधू."

आठवी, नववी, दहावी. अकरावी पिन सरळ झाली. मधुकर म्हणाला, "आता खरं सांगू? माझ्याच्यानं पहिलं वळणसुद्धा निघत नाही. एवढे दिवे लावले त्याला, पण माझं वळण निघत नाही."

"वळण दिसल्यावर गिअर टाकतोस का?"

"मग कधी टाकू?"

"दिसायच्या आधी."

"न दिसणारं वळण मला कसं कळायचं?"

"मी सांगतो," रंगनाथ म्हणाले. "तू पुढं बस. मी मागं बसतो."

मंडळी, हे म्हणायला त्या माणसाला किती जड गेलं असेल. माझ्याच्यानं झालं नसतं. मी जिथं उभा आहे ती ही दोन फुटांची जागा, तिथून मला कोणी सरकायला सांगितलं तर बघा मी कसा बघतो.

दोघे आधी रंगनाथकडं आले. त्रिकोणाला त्रिकोण जुळवला, डोकं खाचेवर नुसतं ठेवलं. आपसूक आत बसलं. जोर नाही, आवाज नाही. बटण दाबलं. पाटीनं पाहुण्याला ओळखलं. घाट लावला, आणि रंगनाथनं तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदम चढवला. कुठं थिजलं नाही. मधुकरकडच्या काँप्युटरवर झाड पानापानासह दिसायचं, इथं नुसतं झाड दिसायचं. पण एसटीच्या ड्रायव्हरला झाडाशी काय करायचंय? ते तिथं आहे एवढं कळलं म्हणजे पुरे.

मग रंगनाथ खुर्चीतून उठले. "बस," म्हणाले.

मधुकर बसला. रंगनाथ मागं स्टुलावर. मधुकरनं खिशातून घंटी काढून त्यांच्या हातात दिली. पहिला थांबा आला. रंगनाथनं लगेच डबल बेल दिली. मधुकर ओरडला, "अहो कंडक्टर, म्हातारी खालीच राहिली की. तिची पिशवी तेवढी वर आली."

रंगनाथ म्हणाले, "मला वाटलं सगळे चढले."

"वाटून चालत नाही. बघावं लागतं. चोवीस वर्षं तुम्हाला काय वाटलं, दोरी ओढली की झालं?"

रंगनाथला खरंच तसंच वाटलं होतं. त्या दुपारी त्यांनी तीन वेळा चुकीची घंटी दिली, दोन पॅसेंजर अर्धे दारात असताना गाडी हलवली, आणि मधुकर दोन वेळा दरीत गेला. तिसऱ्या वेळी रंगनाथ मागून म्हणाले, "आता टाक गिअर. आता. आता वळव." आणि गाडी वळणातून निघाली. मधुकरनं स्टिअरिंग सोडून डोळे पुसले. त्यामुळं पुढच्या वळणाला पुन्हा दरीत गेला, ते वेगळं.

आता तिथं दोन्ही काँप्युटर चालू आहेत. एक दिवस याच्याकडं, एक दिवस त्याच्याकडं. एक दिवस हा पुढं, एक दिवस तो.

तर मंडळी, परत प्रश्नाकडं. जुनी गोष्ट कुठवर कामाची? त्या पाटीनं उत्तर दिलंय. ती आठ वर्षांची होती, थकलेली होती, तिच्यापेक्षा देखणी दुसरी आलेली होती. तरी ती कामाची राहिली, कारण तिची खाच मोकळी होऊ शकत होती. नवं डोकं आलं तर ती त्याला बसायला जागा देऊ शकत होती. आणि कायमची कामाची राहील का? नाही. पोरीनं सरळ सांगितलं, पाच-सात वर्षं. देवानं कोणाला अमरपट्टा दिलेला नाही. पण जागा देत राहाल तोवर तुम्हाला कोणी भंगारात काढू शकत नाही.

माझंच एक जोडलेलं आहे, संतांच्या माथी मारू नका. पेटी, काळी दोन द्या.

नव्यासी जो देई ठाव। त्याचे टिके जुने नाव॥
मूठ झाकोनी बैसला। जागीच तो वाळलेला॥

आता काँप्युटर सोडा. तुमच्याकडं येतो. माई, तुम्ही मघापासून मान डोलावताय. फोडणीची पळी सुनेच्या हातात शेवटची कधी दिली? दिलीत तेव्हा तिथंच उभं राहून "मोहरी तडतडू दे गं" म्हणालात ना? ती जागा देणं नाही, ते फक्त पळी देणं. आणि सूनबाई, तुम्ही हसू नका. सासूला "तुम्हाला आता जमत नाही" असं शेवटचं कधी म्हणालात, आणि ते म्हणायच्या आधी तिला काय जमतं हे कधी विचारलंत का? तात्या, दुकानाच्या गादीवर अजून तुम्हीच, आणि मुलगा पंचेचाळीस वर्षांचा होऊन स्टुलावर बसलाय. त्याचे केस पिकले, तुमचा भरवसा पिकला नाही. आणि देवस्थानचे विश्वस्त, मी खरंच तुमच्याकडं बघत नाहीये, मी तुमच्या मागच्या खांबाकडं बघतोय. त्या खांबाला सांगतो, की बाबा, तू हललास तर छप्पर पडेल हे खरं आहे, पण तू एकटाच खांब आहेस का?

आज घरी गेल्यावर दिवा लावू नका, पोथी काढू नका, ते रोजचं आहे. आज एवढंच करा. ज्याला तुम्ही इतकी वर्षं मागं उभं केलंय, त्याच्याजवळ जा आणि म्हणा, "आज तू बस पुढं." तो चुकेल. दरीत जाईल. जाऊ दे. तुम्ही मागं बसून फक्त बघा, म्हणजे तुम्हालाही कळेल इतकी वर्षं तुमच्या पाठीमागं कोण, काय करत होतं.

उठा मंडळी. आणि दारातून बाहेर पडताना मागच्याला वाट द्या.